गाणे संपल्यावर कोण उभे राहते?

परवा महाविद्यालयात शिकणारा आमचा पुतण्या घरी आला. अंगात काळा शर्ट आणि छातीवर ‘द क्लॅश’ ही अक्षरे. आम्ही सहज विचारले, ‘‘हे कोण रे?’’ तो म्हणाला, ‘‘ब्रँड आहे काका. स्टेशनबाहेर दीडशेला मिळाला.’’ क्लॅश हा लंडनचा एक बँड. त्याचा ब्रँड झाला आणि आमच्या पोराला ते कळलेही नाही. यात त्याचा दोष नाही. बाजार वस्तू विकतो, तिच्यामागचा इतिहास विकत नाही. ज्या चार पोरांचे नाव तो छातीवर मिरवत होता, ती ३० एप्रिल १९७८ रोजी पूर्व लंडनच्या एका बागेत ऐंशी हजार ते एक लाख लोकांसमोर वर्णद्वेषाविरुद्ध उभी राहिली होती. त्या दिवशी काय घडले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यानंतर काय घडले, हे त्याला सांगायला बसलो. सांगता सांगता लक्षात आले की हे चळवळीच्या वाचकांनीही जाणून घ्यावे असे आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

पंक हा रॉक संगीताचाच एक प्रकार. १९७०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क आणि लंडन या शहरांत तो आकाराला आला. ब्रिटनमध्ये तेव्हा बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. १९७६ साली तेथील सरकारवर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरण्याची पाळी आली. शाळा सोडून बाहेर पडलेल्या पोरांना काम नव्हते. त्यांच्या आवडीचे रॉक संगीत मात्र श्रीमंत होऊन बसले होते. महागडी वाद्ये, प्रचंड सभागृहे, एकेक गाणे वीस-वीस मिनिटे लांबवणारे कसलेले वादक! पंकवाल्या पोरांनी हे सगळे झुगारून दिले. गिटारच्या तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढा, नीट वाजवता येत नसेल तरी मंचावर चढा, दोन-अडीच मिनिटांत म्हणायचे ते म्हणून टाका, असा त्यांचा खाक्या. फाटके कपडे, त्यांना लावलेल्या सेफ्टी पिना आणि उभे केलेले केस ही त्यांची ओळख झाली. ‘आम्हाला कोणी शिकवले नाही, कोणी बोलावले नाही, तरीही आम्ही बोलणार’ हा त्यामागचा भाव होता. बोलण्याचा अधिकार ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला, त्यांना हा भाव समजावून सांगण्याची गरज नाही.

या संगीताचे महोत्सवही लगेच सुरू झाले. २१ ऑगस्ट १९७६ रोजी फ्रान्समधील माँ-द-मार्सां या गावी बैलझुंजीच्या रिंगणात युरोपातला पहिला पंक महोत्सव भरला. महिनाभरातच, २० व २१ सप्टेंबरला, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ‘१०० क्लब’ या तळघरातल्या क्लबमध्ये दोन रात्रींचा महोत्सव झाला. सेक्स पिस्टल्स, क्लॅश, डॅम्ड, बझकॉक्स हे पुढे जगभर गाजलेले बँड तेथे वाजले.

परंतु येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या काळच्या काही पंक पोरापोरी केवळ थोरामोठ्यांना डिवचण्यासाठी हिटलरच्या नाझींचे स्वस्तिक दंडावर बांधून फिरत. १०० क्लबच्या महोत्सवात ‘सूझी अँड द बॅन्शीज’ या बँडला क्लॅशच्या व्यवस्थापकाने याच कारणावरून आपली वाद्यसामग्री वापरू दिली नाही. म्हणजे एकाच तळघरात, एकाच मंचावर दोन वाटा फुटत होत्या. एक वाट निव्वळ चिडवण्याची आणि दुसरी कोणाविरुद्ध चिडायचे हे ठरवण्याची. राग सर्वांनाच होता. पण राग हा काही विचार नव्हे. बेकार पोराचा राग कारखाने बंद करणाऱ्यांवर वळवता येतो, तसाच तो शेजारच्या स्थलांतरितावरही वळवता येतो. आणि हे दुसरे काम करायला ब्रिटनमध्ये एक पक्ष टपून बसलेला होता.

त्या पक्षाचे नाव नॅशनल फ्रंट. १९६७ साली स्थापन झालेला हा पक्ष काळ्या व आशियाई स्थलांतरितांना देशाबाहेर घालवा, अशी उघड मागणी करीत असे. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅम येथे स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केले आणि या विषाला प्रतिष्ठा मिळवून दिली. ४ जून १९७६ रोजी लंडनच्या साउथॉल भागात गुरदीपसिंग छग्गर या १८ वर्षांच्या शीख तरुणाची गोऱ्या टोळक्याने हत्या केली. १९७७ च्या लंडन महानगराच्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटला एक लाखाहून अधिक मते पडली.

ही परिस्थिती असताना ५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅमच्या ओडियन सभागृहात एरिक क्लॅप्टन हा विख्यात गिटारवादक दारूच्या नशेत मंचावरून बरळला. पॉवेल यांना पाठिंबा द्या, परक्यांना बाहेर काढा, अशा आशयाचे त्याचे बोलणे होते. हा कलावंत कोण? तर काळ्या अमेरिकनांनी जन्माला घातलेले ब्लूज संगीत वाजवून मोठा झालेला आणि दोनच वर्षांपूर्वी जमैकाच्या बॉब मार्लीचे गाणे गाऊन गल्ला भरलेला! काळ्यांचे संगीत हवे, पण काळा माणूस नको, हा तो न्याय. घाम ज्याचा त्याला दारात उभे करायचे नाही आणि त्याच्या कष्टाचे फळ मात्र ताटात घ्यायचे, ही रीत आपल्याला काही नवी नाही.

रेड साँडर्स हा छायाचित्रकार आणि त्याचा मित्र रॉजर हडल यांनी काही सहकाऱ्यांसह संगीताच्या साप्ताहिकांना एक निषेधाचे पत्र पाठवले. क्लॅप्टनला त्याच्या संगीताच्या उगमाची आठवण करून देऊन त्यांनी वर्णद्वेषाविरुद्ध संगीताची चळवळ उभारण्याचे आवाहन केले. पत्र छापून आले आणि प्रतिसादाचा ओघ सुरू झाला. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ जन्माला आली. नोव्हेंबर १९७६ मध्ये पूर्व लंडनमधील फॉरेस्ट गेट येथील ‘प्रिन्सेस ॲलिस’ या पबमध्ये तिचा पहिला कार्यक्रम झाला. एका पत्रातून चळवळ! पत्र लिहिणारे चार असतात. ते वाचून ‘पुढे काय करायचे?’ असे विचारणारे शेकडो निघाले, तरच चळवळ होते.

आम्ही वकिली करतो. त्यामुळे या साऱ्याकडे पाहताना पहिला प्रश्न पडतो, तो कायद्याचा. ब्रिटनमध्ये कायदा नव्हता काय? होता. त्याच १९७६ साली ‘रेस रिलेशन्स ॲक्ट’ मंजूर झाला. नोकरी, घर, शिक्षण आणि सेवा यांत वंशावरून भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. उघड भेदभावच नव्हे, तर वरकरणी सर्वांना सारखा वाटणारा पण प्रत्यक्षात एकाच समूहाला मारक ठरणारा नियमही त्याने बेकायदा ठरवला. कायदा चांगला होता. पण पोलिसांची झडती, अटक यांसारखी कामे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. ती कक्षेत यायला २००० सालची दुरुस्ती यावी लागली. म्हणजे घरमालकाने काळ्या माणसाला खोली नाकारली तर दाद मागता येई, पण पोलिसाने त्याला रंगावरून भररस्त्यात धरले तर या कायद्याखाली दाद नव्हती.

आणि धरण्यासाठी पोलिसांच्या हातात कोणते हत्यार होते? १८२४ सालचा भटकेगिरीविरोधी कायदा! त्याच्या चौथ्या कलमाखाली ‘संशयित माणूस गुन्ह्याच्या इराद्याने रेंगाळत होता’ एवढे म्हटले की पुरे. चोरी झालेली नको, फिर्यादी नको. दोन पोलिसांच्या साक्षीवर शिक्षा होई. ‘सस’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या या कलमाचा वरवंटा प्रामुख्याने काळ्या तरुणांवर फिरत असे. याच राज्यकर्त्यांनी आपल्या देशात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणून जन्मावरूनच माणसाला संशयित ठरवले होते, हे वाचकांना आठवत असेल. संशयाचे कायदे कोणावर चालतात, हे त्यांच्या भाषेवरून कळत नाही. पोलीस ठाण्याची डायरी उघडली की कळते.

१९४३ साली पुण्यात रानडे यांच्या १०१ व्या जयंतीच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात बाबासाहेबांनी हेच सांगितले होते. हक्कांचे खरे रक्षण कायदा करीत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक जाणीव करते, असा त्यांचा आशय होता. ही जाणीव आपोआप येत नाही. ती घडवावी लागते. ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ने गोऱ्या कामगार वस्तीतील पोरांमध्ये ती घडवण्याचा प्रयत्न केला, हे तिचे महत्त्व आम्हाला वाटते.

हे काम त्यांनी कसे केले? भाषणे देऊन नव्हे. त्यांनी मंचाची रचनाच बदलली. एकाच रात्री, एकाच मंचावर गोऱ्या पोरांचा पंक बँड आणि काळ्या पोरांचा रेगे बँड. रेगे हे जमैकाचे संगीत. शेवटी दोन्हीकडचे कलावंत अनेकदा एकत्र येऊन वाजवीत. पंक ऐकायला आलेल्या पोराला रेगे ऐकावे लागे. ज्यांच्याशी तो आजवर बोललाही नव्हता, त्यांच्या खांद्याला खांदा लावून नाचावे लागे. जोडीला बिल्ले, भित्तिपत्रके आणि ‘टेम्पररी होर्डिंग’ नावाचे त्यांचे स्वतःचे वृत्तपत्र. गावोगावी स्थानिक गट निघाले. कोणाच्या परवानगीची वाट न पाहता त्यांनी पबचे सभागृह मिळवले, बँड ठरवले, तिकिटे खपवली. पाहता पाहता असे शेकडो कार्यक्रम झाले. ऑगस्ट १९७७ मध्ये लुइशम येथे नॅशनल फ्रंटचा मोर्चा लोकांनी रस्त्यावर उतरून रोखला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये ‘अँटी नाझी लीग’ ही आघाडी स्थापन झाली आणि संगीताच्या चळवळीला राजकीय संघटनेची जोड मिळाली.

मग ३० एप्रिल १९७८ चा दिवस उजाडला. ट्रॅफल्गार चौकातून मोर्चा निघाला. सुमारे सहा मैल चालून तो पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोहोचायचा होता. बागेची निवड विचारपूर्वक केलेली होती. पूर्व लंडन हा गरीब कामगारांचा, स्थलांतरितांचा आणि नॅशनल फ्रंटला भरभरून मते देणाऱ्यांचाही भाग. शत्रूला जेथे आपले घर वाटते, तेथेच जाऊन गायचे असे ठरले होते. मोर्चात हिटलर आणि नॅशनल फ्रंटचे पुढारी यांची कागदाच्या लगद्याची अवाढव्य मुंडकी होती. शाळकरी पोरे होती, कामगार संघटनांचे फलक होते.

मंचावर क्लॅश होता. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातील काळ्या पोरांचा ‘स्टील पल्स’ होता. आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगणाऱ्या टॉम रॉबिन्सनचा बँड होता. आणि ‘एक्स-रे स्पेक्स’ची गायिका पॉली स्टायरीन होती. तिचे खरे नाव मॅरियन इलियट-सईद. वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची. दातांना तारा लावलेली, वीस वर्षांची सावळी मुलगी. गोरेपणाच्या आणि सुंदरतेच्या रूढ साच्यात न बसणारी ती मुलगी हजारोंच्या जमावापुढे कोणाचीही भीड न बाळगता गात होती. पंक म्हणजे गोऱ्या पोरांचा धिंगाणा असे ज्यांना वाटते, त्यांनी तिचे नाव लक्षात ठेवावे. २०११ साली तिचे निधन झाले.

जगभरच्या संगीत महोत्सवांच्या कहाण्या बहुधा येथेच संपतात. लोक जमले, गाणी झाली, सारे एक झाले! आमच्या मते मात्र खरी कहाणी येथून सुरू होते.

त्या कार्निव्हलनंतर अवघ्या चार दिवसांनी, ४ मे १९७८ रोजी, अल्ताब अली हा बांगलादेशी तरुण काम आटोपून घरी निघाला होता. कपडे शिवण्याच्या कारखान्यातला तो कामगार. लंडनमध्ये त्या दिवशी स्थानिक निवडणुकांचे मतदान होते. व्हाइटचॅपल भागात तीन किशोरवयीन पोरांनी त्याला भोसकून ठार मारले. ती जागा व्हिक्टोरिया पार्कपासून फार लांब नाही. एक लाख कंठांतून निघालेला आवाज त्या तीन पोरांच्या कानांपर्यंत पोहोचला नव्हता, की पोहोचूनही उपयोग झाला नव्हता? मग त्या गाण्यांचा उपयोग काय?

हा प्रश्न कठोर आहे, पण टाळता येण्याजोगा नाही. त्याचे उत्तर पूर्व लंडनच्या बांगलादेशी समाजाने दिले. १४ मे रोजी सुमारे सात हजार लोक अल्ताब अलीच्या शवपेटीमागून चालत पंतप्रधानांच्या दारापर्यंत गेले. आजवर मान खाली घालून शिवणयंत्रावर बसणारी माणसे रस्त्यावर आली. ब्रिक लेन रस्त्यावर दर रविवारी नॅशनल फ्रंटचे लोक आपले वृत्तपत्र विकायला उभे राहत. ती जागाच तरुणांनी अडवायला सुरुवात केली. ज्या बागेजवळ ही हत्या झाली, तिला १९९८ साली ‘अल्ताब अली पार्क’ हे नाव देण्यात आले.

येथे कार्निव्हलवाल्यांची एक चूकही सांगितली पाहिजे. २४ सप्टेंबर १९७८ रोजी दक्षिण लंडनच्या ब्रॉकवेल पार्कमध्ये दुसरा कार्निव्हल झाला. गर्दी पुन्हा लाखाच्या घरात. त्याच दिवशी नॅशनल फ्रंटने पूर्व लंडनमध्ये मोर्चा काढला. हजारो लोक बागेत गाणी ऐकत असताना ब्रिक लेनच्या रक्षणाला माणसे कमी पडली, अशी टीका त्या वेळी चळवळीतूनच झाली. ही टीका आम्हाला रास्त वाटते. मोठा मेळावा झाला की पुढाऱ्यांना गर्दीचे समाधान मिळते. गर्दीचे समाधान आणि वस्तीचे संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्याच वर्षी कसोटीचा प्रसंग आला. २३ एप्रिल १९७९ रोजी साउथॉलच्या नगरभवनात नॅशनल फ्रंटला निवडणूक सभा घ्यायला परवानगी मिळाली. साउथॉल म्हणजे पंजाबी वस्ती. त्यांच्या दारात येऊन त्यांनाच हाकलण्याची भाषा करण्याची ती परवानगी! लोक निषेधाला उतरले. हजारो पोलीस आणले गेले. त्या धुमश्चक्रीत ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला शिक्षक डोक्यावर मार बसून मरण पावला. ‘मिस्टी इन रूट्स’ या रेगे बँडचा व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर याच्याही डोक्याला गंभीर दुखापत झाली. पीचला बहुधा पोलिसानेच मारले, हे पोलिसांच्याच अंतर्गत चौकशीतून निघाले होते. पण तो अहवाल जनतेपुढे यायला २०१० साल उजाडले. शिक्षा कोणालाच झाली नाही. उलट निषेध करणाऱ्या ३४० हून अधिक लोकांवर मात्र खटले भरले गेले.

आता या लोकांना काय हवे होते? आणखी एक गाणे? त्यांना वकील हवा होता. जामीन हवा होता, साक्षीदार हवे होते, कामावरची रोजंदारी बुडवून तारखांना येण्याची सोय हवी होती. जुलै १९७९ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये दोन रात्री कार्यक्रम झाले ते याचसाठी. पंक आणि रेगे बँड पुन्हा एका मंचावर आले आणि साउथॉलच्या आरोपींच्या बचावासाठी निधी उभा राहिला. न्यायालयात उभे राहणाऱ्या माणसाला याचे मोल कळते. चळवळीच्या कार्यकर्त्यावर गुन्हा दाखल होतो तेव्हा पहिल्या दिवशी ठाण्याबाहेर दोनशे लोक असतात. तिसऱ्या वर्षी, बाविसाव्या तारखेला, आरोपी आणि त्याचा वकील असे दोघेच उरतात. ज्या मंचाने त्या बाविसाव्या तारखेची तजवीज केली, तो मंच आम्ही खरा मानतो.

या सगळ्याचे फळ काय मिळाले? ३ मे १९७९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नॅशनल फ्रंटने ३०३ उमेदवार उभे केले. एकही निवडून आला नाही. एकूण मतांपैकी सुमारे ०.६ टक्के मते मिळाली आणि झाडून साऱ्यांच्या अनामत रकमा जप्त झाल्या. ‘सस’च्या विरोधात काळ्या मातांनी आणि त्यांच्या संघटनांनी जो लढा चालवला, त्यातून १९८१ साली ते कलमही रद्द झाले. हे सारे श्रेय गाण्यांना देणे खोटेपणाचे होईल. मार्गारेट थॅचर यांनी जानेवारी १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, परक्या संस्कृतीच्या लोकांखाली आपण बुडून जाऊ अशी लोकांना भीती वाटते, असे म्हटले आणि नॅशनल फ्रंटची बरीच मते आपल्या पक्षाकडे ओढली. त्यांच्याच सरकारने १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने ब्रिटनच्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येकाला मिळणारे नागरिकत्व बंद केले. गुंडांचा पक्ष हरला, पण त्याच्या मागणीचा अंश सभ्य कपडे घालून संसदेत बसला. आंदोलन करणाऱ्यांनी हा धडा विसरता कामा नये.

आणखी एक धडा आहे. संगीत स्वतःहून कोणाचेही नसते. नॅशनल फ्रंटने हे ओळखले आणि ‘रॉक अगेन्स्ट कम्युनिझम’ या नावाने १९७९ मध्ये स्वतःचे कार्यक्रम सुरू केले. तीच गिटार, तोच आरडाओरडा, तेच उघड्या डोक्याचे तरुण आणि मुखात द्वेष. सूर बंडखोर आहे म्हणून विचार समतेचा असेलच, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

तरीही त्या १९७८ च्या बागेतले बी दूरवर गेले. १९७९ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे नवनाझींच्या मेळाव्याविरुद्ध ‘रॉक गेगेन रेख्ट्स’ हा महोत्सव झाला. जर्मनीच्याच केमनिट्झ शहरात ऑगस्ट २०१८ मध्ये एका खुनानंतर जमावाने परदेशी दिसणाऱ्यांवर हल्ले केले, तेव्हा ३ सप्टेंबरला तेथे विनामूल्य संगीत कार्यक्रम झाला. ‘डी टोटेन होझेन’ हा १९८२ पासूनचा पंक बँड त्यात होता आणि सुमारे ६५ हजार लोक आले. पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती यामेल या खेड्याची गोष्ट. उत्तर जर्मनीतील या चिमुकल्या गावात नवनाझींनी घरे घेऊन गावच ताब्यात घेतले. तेथे राहणारे लोमायर दाम्पत्य गाव सोडून गेले नाही. २००७ पासून ते आपल्या अंगणात दरवर्षी रॉक महोत्सव भरवू लागले. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांचे गोठाघर जाळण्यात आले. त्याच महिन्यात त्यांचा महोत्सव झाला आणि ‘डी टोटेन होझेन’ तेथे येऊन वाजले. पासष्ट हजारांची सभा एका संध्याकाळी पांगते. हे दोघे मात्र वर्षाचे उरलेले दिवसही त्याच गावात राहतात.

प्रत्येक ठिकाणी असे कोणी पाठीशी नसते. डिसेंबर २०११ मध्ये इंडोनेशियातील बांदा आचे येथे अनाथ मुलांच्या मदतीसाठी पंक पोरांनी कार्यक्रम ठेवला होता. पोलिसांनी साठहून अधिक पोरापोरींना पकडले, त्यांचे केस कापले, तलावात आंघोळ घातली आणि दहा दिवस पोलीस प्रशिक्षण केंद्रात ‘सुधारणे’साठी ठेवले. आरोपपत्र नाही, खटला नाही. गुन्हा काय? दिसणे वेगळे! माणसाच्या अंगावरील खुणांवरून त्याला कोंडणे, हा कायदा नव्हे.

दुसरीकडे बाजाराने या महोत्सवांना वेगळ्या पद्धतीने कोंडले. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘वॉर्प्ड टूर’ या फिरत्या पंक महोत्सवाच्या नावाआधी दुसऱ्याच वर्षी एका बूट कंपनीचे नाव लागले. २००३ साली जेम्स स्पूनर या तरुणाने गोऱ्यांच्या पंक जगात एकट्या पडलेल्या काळ्या तरुणांवर ‘आफ्रो-पंक’ हा माहितीपट काढला. त्यातून २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्याच नावाचा महोत्सव सुरू झाला. अनेक वर्षे तो विनामूल्य होता. २०१५ पासून तिकीट आले, पॅरिस, लंडन अशा शाखा निघाल्या. डिसेंबर २०१७ मध्ये तो जोहान्सबर्गच्या कॉन्स्टिट्यूशन हिलवर भरला. जेथे वर्णद्वेषी राजवटीचा तुरुंग होता आणि आज जेथे दक्षिण आफ्रिकेचे संविधान न्यायालय उभे आहे, त्या टेकडीवर काळी तरुण पिढी नाचली. याचा आम्हाला मनापासून आनंद वाटतो. पण पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या महोत्सवात एक जण हाताने लिहिलेला शर्ट घालून आला. हा महोत्सव गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी विकला गेला आहे, असा त्याचा आशय होता. मंचामागील जागेतून आपल्याला बाहेर जायला सांगण्यात आले, असे त्या व्यक्तीच्या जोडीदाराने जाहीर केले. आयोजकांनी आपली बाजू वेगळी मांडली. त्यांच्या संकेतस्थळाच्या मुख्य संपादकाने मात्र राजीनामा दिला.

एक शर्ट स्टेशनबाहेर दीडशे रुपयांना मिळतो आणि तो घातला तर कोणी काही म्हणत नाही. दुसरा शर्ट हाताने लिहिलेला असतो आणि त्यावरून वाद पेटतो. दोन्हींतला फरक आमच्या पुतण्याला आता समजला असावा. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘काका, त्या साउथॉलच्या लोकांचे पुढे काय झाले?’’ त्याने बँडविषयी विचारले नाही, खटल्यांविषयी विचारले. आम्हाला बरे वाटले.

महोत्सव भरवावेत. मंच उभारावेत, दणदणीत वाजवावे, लाखोंनी जमावे. पण मंच बांधणाऱ्यांनी दोन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवावीत. या मंचाचे पैसे कोण देतो? आणि लोक घरी गेल्यावर, चौथ्या दिवशी, कामावरून एकट्याने परतणाऱ्या आपल्या माणसाच्या वाटेवर कोण उभे राहणार आहे? ज्यांच्याजवळ या प्रश्नांची उत्तरे असतील, त्यांचे गाणे बेसूर असले तरी आम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकू.